वारसा, किलोच्या भावाने

कोल्हापूरच्या कन्या भानू अथैया यांनी २०१२ साली आपले ऑस्कर अमेरिकेतील अकादमीकडे परत धाडले. त्यामागे निषेध नव्हता, जतनाची चिंता होती. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ साली मिळालेला तो सन्मान म्हणजे भारतीय व्यक्तीच्या वाट्याला आलेले पहिले ऑस्कर. आपल्या पश्चात ती बाहुली या देशात सुखरूप राहील असा विश्वास त्यांना उरला नव्हता. शांतिनिकेतनातून २००४ साली चोरीस गेलेले रवींद्रनाथांचे नोबेल पदक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ज्या राज्यात त्या जन्मल्या आणि ज्या शहरात बसून त्यांनी शंभराहून अधिक चित्रपटांना वस्त्रे दिली, त्या राज्याने आणि त्या शहराने हा अविश्वास अपमान मानून काही हालचाल केली असती, तर आजचा मजकूर लिहावा लागला नसता. २०२० च्या ऑक्टोबरात त्या निवर्तल्या. डिसेंबरात त्यांच्या संग्रहातील रेखाटने लिलावात निघाली. लिलाव करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. निदान त्यांनी वस्तूंची यादी तरी केली होती.

चित्रपटाचा वारसा म्हणजे फिल्मची रिळे, अशी सोयीस्कर समजूत आपल्या सांस्कृतिक प्रशासनाने वर्षानुवर्षे जोपासली आहे. परंतु रिळांवर जे उमटले, ते आधी कोणाच्या तरी हातांनी घडले होते. मुकुट, कंठे, तलवारी, पालख्या, वीणा, अंगरखे, पगड्या, कागदाच्या लगद्याचे राक्षस, लाकडी चौकटीवर ताणलेले किल्ल्यांचे बुरूज, नायिकेला आलेली खोटी पत्रे. ज्याला या धंद्यात साध्या शब्दांत ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, तो सारा पसारा विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या हस्तकौशल्याचा एक प्रचंड संचय आहे. दादासाहेब फाळक्यांनी दादरच्या बंगल्यात राजप्रासाद उभे केले, बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात कॅमेरासुद्धा स्वतः घडवला, आणि ‘प्रभात’च्या फत्तेलालांनी पडद्यावर अख्खी नगरे वसवली. या साऱ्याचा भौतिक पुरावा आज पत्र्याच्या ट्रंकांत, गळक्या गोडाउनांत, ड्रेसवाल्यांच्या माळ्यांवर आणि मुंबईच्या चोरबाजारात विखुरला आहे. तो दरवर्षी कमी होतो आहे, आणि जे उरते आहे त्याची ओळख त्याहूनही वेगाने पुसली जात आहे.

१६ सप्टेंबर २०१७ रोजी चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली आणि पहिला स्टेज जळून गेला. १९४८ साली उभ्या राहिलेल्या त्या संस्थेच्या चित्रपटांची वस्त्रे आणि स्मृतिवस्तू आगीत गेल्याचे ऋषी कपूर यांनी स्वतः जाहीर केले. दोन दिवस हळहळ झाली. दूरचित्रवाणीवर जुनी गाणी वाजली. २०१९ साली ती जागा बांधकाम व्यावसायिकांकडे गेली आणि प्रकरण मिटले. पुढे आर. के.च्या चित्रपटांची मूळ निगेटिव्हे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा झाली, कारण निगेटिव्ह कुठे द्यायचे हे ठाऊक होते. सत्तर वर्षांची वस्त्रे मात्र ज्या छपराखाली चित्रीकरण चाले, दिव्यांच्या तारा लोंबत आणि प्लायवूडचे सेट उभे राहत, त्याच छपराच्या आश्रयाला होती. ती घ्यायला, मोजायला, त्यांचे छायाचित्र काढून ठेवायला या महानगरात कोणतीही सार्वजनिक यंत्रणा दारात उभी नव्हती. अशा परिस्थितीत आग हा अपघात ठरत नाही. ती केवळ तारखेची वाट पाहत असते.

तरीही आग हा या वारशाचा मुख्य शत्रू नव्हे. आगीची बातमी होते. गोडाउन रिकामे केल्याची होत नाही. मुख्य शत्रू आहे अनामिकता. चित्रपटातील वस्तू तिच्या जन्मापासूनच अल्पायुषी मानली गेली. पौराणिक पटासाठी घडवलेला मुकुट पुढच्या पौराणिक पटात दुसऱ्या देवाच्या मस्तकी चढला, तिसऱ्यात त्याची पिसे गेली, चौथ्यात त्यावर सोनेरी रंगाचा नवा हात बसला, आणि मग तो शाळेच्या स्नेहसंमेलनाला भाड्याने गेला. शालू उसवून त्याचे पडदे झाले. खऱ्या जरीचे वस्त्र जुने झाले की त्यातल्या चांदीसाठी जाळले गेले. हा धंद्याचा न्याय होता आणि त्यात कोणाचे पाप नाही. उलट ड्रेसवाल्यांच्या काटकसरीमुळेच जे काही वाचले ते वाचले. पण वस्तू वाचली तरी तिचे नाव वाचले नाही. आणि नाव नसलेली तलवार ही पत्र्याची तलवार असते. तिची किंमत वजनकाट्यावर ठरते.

ही ओळख पटवायची कशी, याचे शास्त्र जगाने गेल्या अर्धशतकात घडवले आहे. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९ च्या चित्रपटात ज्युडी गारलँडने घातलेल्या माणिकरंगी पादत्राणांचे एकाहून अधिक जोड बनले होते. त्यांतला एक २००५ साली मिनेसोटा राज्यातील संग्रहालयातून चोरीस गेला आणि २०१८ साली अमेरिकी तपासयंत्रणेला सापडला. सापडलेला जोड अस्सल की नक्कल, हे ठरवण्यासाठी तो स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. तिथल्या संवर्धकांनी आपल्या संग्रहातल्या जोडाशी तो टिकलीगणिक ताडून पाहिला. दोन्हींमध्ये बिनरंगी काचेचे, वरून लाल रंग दिलेले मणी आढळले. चित्रीकरणाच्या काळात कोणा अज्ञात हाताने केलेली ती डागडुजी होती, आणि नक्कल करणाऱ्याला ती ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. दोन्ही जोडांतले डावे-उजवे पाय कधीकाळी आपसांत बदलले होते. चोरीचा माल हा संग्रहालयातल्या मालाचाच हरवलेला सोबती निघाला. एका लाल मण्याने जे सिद्ध केले, ते शंभर प्रतिज्ञापत्रांनी झाले नसते.

‘द माल्टीज फाल्कन’मधला शिशाचा ससाणा २०१३ साली न्यू यॉर्कमध्ये चाळीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला, तो केवळ हम्फ्री बोगार्टच्या पुण्याईवर नव्हे. स्टुडिओने त्यावर कोरलेला सामानाचा क्रमांक आणि शेपटीचे वाकलेले पीस ही त्याची जन्मखूण होती. ‘कॅसाब्लांका’तला पियानो त्याच्या पुढच्याच वर्षी चौतीस लाख डॉलरला विकला गेला. रकमा बाजूला ठेवू. पैशाने दिपून जावे असा हा विषय नाही. महत्त्वाचे आहे ते त्यामागचे कागद. स्टुडिओची सामानवही, शिंप्याने अस्तरावर लिहिलेले नटाचे नाव, चित्रीकरणाच्या वेळची स्थिरचित्रे, कंटिन्युइटीच्या नोंदी, बिले, एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्याच्या पावत्या, आणि शेवटी प्रत्यक्ष चित्रपटाच्या चौकटीशी एकेका ओरखड्याची पडताळणी. यांतला प्रत्येक दुवा दुसऱ्याला आधार देतो. एक निखळला की उरलेल्यांवर भार येतो. तीन निखळले की उरते ती आख्यायिका.

आता हीच कसोटी महाराष्ट्राला लावून पाहावी. पहिला साक्षीदार म्हणजे स्वतः चित्रपट. मूकपटांच्या काळात या देशात सुमारे तेराशे चित्रपट निघाले आणि त्यांतले मोजकेच, तेही बहुतांशी तुटक, शिल्लक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण उपलब्ध नाही. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याची एकही प्रत उरलेली नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून हजारो रिळे गेली. ज्या चित्रपटाची चौकटच नाहीशी झाली, त्यातला मुकुट उद्या कोणी हाती आणून दिला तरी तो कशाशी ताडणार? चित्रपट गेला तेव्हा त्यातली प्रत्येक वस्तू दुसऱ्यांदा मेली. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’तला कीचकवध १९२० साली प्रेक्षकांना इतका खरा वाटला की ते दृश्य गाळावे लागले. त्या भीषण भासामागची कारागिरी आज आपण ऐकीव वर्णनांतून कल्पनेने रंगवतो, आणि तिलाच इतिहास म्हणतो.

जे चित्रपट उरले, त्यांतही अडचणी थोड्या नाहीत. मूकपटांच्या काळातील फिल्म लाल रंगाला बव्हंशी आंधळी होती. लाल वस्त्र पडद्यावर काळे उमटे. म्हणजे त्या काळातल्या वस्त्राची ओळख रंगावरून पटत नाही. ती विणीवरून, काठाच्या नक्षीवरून, ठिगळावरून, मण्यांच्या चुकलेल्या रांगेवरून पटवावी लागते. त्यासाठी मूळ निगेटिव्हवरून काढलेली स्वच्छ, सुस्पष्ट चौकट हवी. पाचव्या पिढीच्या धूसर प्रतीवरून काठ आणि काठावरची धूळ यांत फरक करता येत नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी सुमारे ५९७ कोटी रुपये मंजूर झाले, जुन्या चित्रपटांचे पुनरुज्जीवन सुरू झाले, हे स्वागतार्हच आहे. पण या नव्या, तेजस्वी प्रतींचा उपयोग महोत्सवांत टाळ्या घेण्यापुरता न राहता वस्तूंच्या पडताळणीसाठी व्हावा, अशी व्यवस्था कोठे आहे? अभ्यासकाला एक चौकट मिळवण्यासाठी जितका काळ अर्ज करत राहावे लागते, तितक्या काळात वाळवी ट्रंकेचा तळ गाठते.

दुसरा साक्षीदार म्हणजे माणूस. ‘मुघल-ए-आझम’च्या निर्मितीची हकिकत सांगताना सर्वजण शीशमहालाचे आरसे मोजतात, परंतु त्या चित्रपटातले मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांनी घडवले, अलंकार हैदराबादच्या सोनारांनी आणि शस्त्रे राजस्थानच्या लोहारांनी, हे वाक्य वृत्तपत्रीय लेखांतून नुसते फिरत राहते. त्या कोल्हापुरी कारागिरांची नावे श्रेयनामावलीत नव्हती. त्यांच्या हाताची खूण कशी असे, ते पत्रा कोणत्या जाडीचा घेत, खडा बसवताना लाख वापरत की सरस, हे सांगू शकणारी पिढी सहा दशकांनंतर किती उरली असेल? ड्रेसमन, इस्त्रीवाले, सेटिंगचे सुतार, रंगारी, पॉलिशवाले, मेकअपमनचे साहाय्यक: या माणसांच्या स्मरणात आपल्या चित्रपटांची खरी सामानवही आहे. आपल्याकडे दिग्दर्शकांच्या मुलाखतींचे खंड निघतात, नट्यांच्या आठवणींची सदरे चालतात, परंतु चाळीस वर्षे तलवारी सांभाळणाऱ्या माणसाला कोणी ध्वनिमुद्रक घेऊन भेटत नाही. तो गेला की त्याच्या गोडाउनातल्या दोनशे तलवारी एकाच दिवशी एकसारख्या होतात.

तिसरा साक्षीदार कागद. तो तर आपण स्वतःच्या हाताने रद्दीत घातला. निर्मितिसंस्था बुडाल्या, वारसांची भांडणे झाली, कचेऱ्या रिकाम्या झाल्या आणि बिलबुके, सामानाच्या वह्या, शिंप्यांची मापपत्रके, स्थिरचित्रांचे संच पोत्यांत भरून गेले. ‘आलम आरा’शी जोडला जाणारा, फिल्मच्या प्रती काढण्याचा जुना यंत्रसंच अलीकडच्या वर्षांत मुंबईत सापडला तो साड्या भाड्याने देणाऱ्या एका दुकानात. त्याच्या मालकाने तो जपला आणि त्याची कथा सांगितली म्हणून तो यंत्रसंच राहिला. एरवी ते केवळ जड लोखंड होते. भारतीय बोलपटाच्या जन्माचा एक भौतिक साक्षीदार एका गृहस्थाच्या सौजन्यावर टिकून राहतो, आणि ज्या शासनसंस्थांच्या नावात ‘वारसा’ हा शब्द आहे त्या पत्रकार परिषदा घेतात.

या दुर्लक्षाची किंमत काय असेल, हे पाहण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही. अमेरिकेचे उदाहरण समोर आहे. १९७० साली एमजीएम स्टुडिओने आपली कोठारे रिकामी केली. वस्त्रे, फर्निचर, शस्त्रे सारे लिलावात निघाले. माणिकरंगी पादत्राणांचा एक जोड पंधरा हजार डॉलरला गेला आणि लोकांना ती उधळपट्टी वाटली. अभिनेत्री डेबी रेनॉल्ड्स यांनी मिळेल ते विकत घेतले आणि हॉलिवूडमध्ये संग्रहालय व्हावे म्हणून पुढची चाळीस वर्षे दारोदार घालवली. संग्रहालय झाले नाही. २०११ साली त्यांना तो संग्रह विकावा लागला. मेरिलिन मन्रोचा तो प्रसिद्ध पांढरा झगा एकट्याने छेचाळीस लाख डॉलरच्या बोलीला गेला. अकादमीचे भव्य संग्रहालय लॉस एंजेलिसमध्ये उघडले ते २०२१ साली, वस्तू जगभर पांगून गेल्यावर. आणि डिसेंबर २०२४ मध्ये, चोरीतून परत मिळालेला तो जोड दोन कोटी ऐंशी लाख डॉलरच्या बोलीला गेला, शुल्कासह सव्वातीन कोटी. हॉलिवूडला आपली चूक परत विकत घेण्याची ऐपत आहे. कोल्हापूरला नाही.

इथे असा भाव येणार नाही, या भ्रमात कोणी राहू नये. जुन्या हिंदी चित्रपटांची भित्तिपत्रके एकेकाळी रद्दीच्या भावाने जात. आज ती आंतरराष्ट्रीय लिलावगृहांत बोली लावून घेतली जातात. वस्तूंची पाळी येणारच आहे. ती येईल तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी घडतील. ज्या थोड्या वस्तूंची ओळख निर्विवाद आहे, त्या देशाबाहेर जातील, कारण त्यांना अडवणारा कायदा नाही. आणि ज्यांची ओळख नाही, त्यांना ओळख चिकटवली जाईल. जुना पत्रा, जुनी जर, जुने लाकूड यांची आपल्याकडे कमतरता नाही. कुशल हातही आहेत. गरज असते ती एका जुन्या छायाचित्राची आणि एका वृद्धाच्या नावे लिहिलेल्या पत्राची. नोंदवही नसलेल्या देशात नक्कल पकडणार कोण? पुढच्या पिढीचे श्रीमंत संग्राहक, आणि देव न करो पण शासकीय संग्रहालयेही, बनावट मुकुटांवर जनतेचा पैसा उधळतील; त्या मुकुटांपुढे शाळांच्या सहली उभ्या राहतील, प्रबंध लिहिले जातील, त्या प्रबंधांचे दाखले पुढच्या प्रबंधांत येतील. खोट्या वस्तूतून जन्मलेला खोटा इतिहास खोडता खोडत नाही, कारण तोवर खऱ्या वस्तूचा पत्रा कुठल्याशा भट्टीत वितळलेला असतो.

कायद्याची अवस्था तर विनोदाच्या जवळ जाणारी आहे. पुराणवस्तू आणि कलाठेवे अधिनियम १९७२ चा आहे आणि त्यानुसार सर्वसाधारण वस्तूला पुराणवस्तूचा दर्जा मिळण्यासाठी तिचे वय किमान शंभर वर्षे हवे. दगडी मूर्तीसाठी आखलेली ही मर्यादा कागदाच्या लगद्याला, रबराला, सरसाला आणि मुंबईच्या दमट हवेत ठेवलेल्या रेशमाला लावली तर परिणाम काय होणार? दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. व्हेनिसच्या महोत्सवाने १९३७ साली त्याची दखल घेतली. त्यात तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांच्या हातातली एखादी वस्तू आज कोणाकडे असेल, तर तिला कायद्याचे संरक्षण मिळायला २०३६ उजाडावे लागेल. तोवर ती कोणीही विकावी, परदेशी न्यावी, कापून चौकटीत बसवावी. कायदा शतकपूर्तीच्या मुहूर्ताची वाट पाहतो आहे. प्लास्टर भुगा होते, रबर चिकट होऊन मग तडकते, कसर वस्त्राला जाळी पाडते. या वस्तूंपैकी बहुसंख्य शंभरी गाठणारच नाहीत, याची खात्री असलेल्या कायद्याला दूरदृष्टीचा म्हणावे लागेल. त्याने आपले काम आधीच कमी करून ठेवले आहे.

हे अशक्य कोटीतले काम आहे, अशी सबब कोणी सांगू नये. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ साली पुण्यात आलेल्या ‘प्रभात’च्या वास्तूत आज चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे, आणि तिथल्या छोट्याशा संग्रहालयात ‘प्रभात’ची काही वस्त्रे आणि सामान लोकांना पाहता येते. संस्थापकांच्या वारसांनी जिव्हाळ्याने आणि शिस्तीने जपले की काय उरते, याचा तो पुरावा. मुंबईत पेडर रोडवरील गुलशन महालात २०१९ साली भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तुसंवर्धनाची प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ आहेत. म्हणजे इमारत आहे, शास्त्र आहे, उदाहरणही आहे. नाही ती केवळ या तिघांना एकत्र बांधणारी आज्ञा. आपल्या राज्यात व्ही. शांताराम यांच्या नावे पुरस्कार दिले जातात, फाळक्यांच्या नावे चित्रनगरी चालते, पुण्यतिथीला पुतळ्यांना हार पडतात. थोरांच्या नावांवर आपले अतोनात प्रेम आहे. त्यांच्या ट्रंका उघडण्याचे कष्ट तेवढे नकोत.

आणि ट्रंका उघडण्याची मुदत संपत आली आहे. भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या दंगलीत जाळला गेला. त्या माणसाने तो राखेतून पुन्हा उभा केला. त्याच जयप्रभाच्या विक्रीवरून २०२२ मध्ये कलावंत आणि तंत्रज्ञांना रस्त्यावर उतरावे लागले. आर. के. गेला. मालाडचे बॉम्बे टॉकीज कधीचेच भग्नावशेष झाले. २०२५ साली गोरेगावच्या फिल्मिस्तानच्या विक्रीची बातमी आली. मुंबईतली जुन्या स्टुडिओची जमीन ही आता चित्रपटासाठी राखण्याइतकी स्वस्त राहिलेली नाही, हे वास्तव आहे आणि मालकांनी तोट्यात मंदिर चालवावे अशी अपेक्षा आम्ही करत नाही. पण स्टुडिओ विकला जातो तेव्हा जमीन मोजणारे येतात, बांधकामाचे क्षेत्र मोजणारे येतात, झाडे मोजणारेही येतात. आतल्या माळ्यावर काय आहे हे मोजायला कोणी येत नाही. सौदा झाल्यावर आठवड्याभरात भंगारवाला येतो. प्रत्येक स्टुडिओचा माळा एकदाच रिकामा होतो. त्यानंतर समित्या नेमून काही सापडत नाही.

म्हणून शासनाने करायचे ते आधी करावे आणि सोहळा नंतर. जुना स्टुडिओ, प्रयोगशाळा वा चित्रपटसंस्थेचे गोडाउन पाडण्याची परवानगी देण्यापूर्वी आतल्या सामानाची छायाचित्रांसह यादी झालीच पाहिजे, असा दंडक घालावा. राज्यव्यापी नोंदवही सुरू करावी आणि तीत वस्तूची मालकी जिथे आहे तिथेच राहू द्यावी. ड्रेसवाल्याला, वारसाला, संग्राहकाला जप्तीची भीती वाटली तर तो ट्रंक उघडणार नाही, रात्रीत विकून मोकळा होईल. प्रत्येक नोंदीसोबत दाव्याचा वर्गही स्पष्ट लिहावा: चौकटीशी ताडून सिद्ध झालेली, कागदपत्रांवरून संभाव्य, किंवा केवळ परंपरेने सांगितलेली. तिसऱ्या वर्गातल्या वस्तूला पहिल्यात बसवण्याचा मोह मंत्र्यांच्या भेटीच्या दिवशी हमखास होईल. तो आवरणारे स्वायत्त तज्ज्ञमंडळ हवे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पडताळणीसाठी चौकटी विनाविलंब पुरवाव्यात. पुण्याच्या प्रशिक्षण संस्थेतील आणि शिवाजी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना वयोवृद्ध कारागिरांच्या घरी पाठवावे, आणि त्या कारागिरांना बोलण्याचे मानधन द्यावे. त्यांच्या स्मृतीवर फुकट हक्क सांगण्याइतके आपण त्यांचे काही केलेले नाही. केंद्राने १९७२ च्या कायद्यातील शतकाची अट चित्रपटवस्तूंसाठी शिथिल करावी, निदान त्या परदेशी नेण्यापूर्वी नोंद सक्तीची करावी.

निर्मात्यांनी आणि नटकुटुंबांनीही स्वतःला निर्दोष समजू नये. आजोबांचा अंगरखा पाहुण्यांना दाखवण्यासाठी काचेच्या कपाटात, ऊन पडेल अशा भिंतीला लावून ठेवणे म्हणजे जतन नव्हे. तो उन्हाने विरतो आणि नातवाला तो कुठल्या चित्रपटातला हे सांगता येत नाही. चित्रपटाच्या पहिल्या दिवसासाठी जाहिरातीवर कोट्यवधी ओतणाऱ्या आजच्या निर्मितिसंस्था आपल्या सामानाची वही करतात का, हेही विचारले पाहिजे. चित्रीकरण संपले की सेट तोडून लाकूड विकले जाते, कपडे पोत्यांत भरून भाड्याच्या गोदामात जातात, आणि संगणकातल्या नोंदी संगणकाबरोबर मरतात. आजोबांच्या पिढीने अज्ञानाने जे केले ते आजची पिढी माहीत असून करते आहे.

शासनासाठीच्या सूचनांतली स्टुडिओच्या यादीची अट तर मंत्रालयातून एका शासननिर्णयाने निघू शकते. तिच्यासाठी नवे महामंडळ लागत नाही, बोधचिन्हाची स्पर्धा लागत नाही आणि कोनशिलेवर कोणाचे नाव आधी हा वादही उद्भवत नाही. कदाचित म्हणूनच ती आजवर निघाली नसावी. पुढचा स्टुडिओ पाडण्याचा अर्ज टेबलावर येईल तेव्हा सही करणाऱ्या अधिकाऱ्याने निदान माळ्यावर एक माणूस पाठवावा, हातात कॅमेरा आणि वही देऊन, भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात शिरण्याच्या आधी.